मँचेस्टरची गिरणी आणि मँचेस्टरची वखार

इंग्लंडच्या वायव्येकडील मँचेस्टर हे शहर मराठी वाचकाला शाळेच्या पुस्तकापासून ठाऊक असते ते कापडगिरण्यांचे शहर म्हणून. त्यामुळे आज तिथे गेलेला माणूस व्हिटवर्थ स्ट्रीटवरची तांबड्या विटांची अवाढव्य बहुमजली इमारत पाहतो, तिचे नाव 'इंडिया हाउस' असल्याचे त्याला कळते, आणि हिंदुस्थानसाठी कापड विणणारी ही एखादी जुनी गिरणी असणार असे तो धरून चालतो. त्याचा अर्धा तर्क बरोबर असतो. इमारतीचा हिंदुस्थानशी आणि कापडाशी संबंध होता. पण तिच्यात सूत काढण्यासाठी एकही चाती फिरली नाही आणि विणण्यासाठी एकही साचा चालला नाही. ती वेअरहाउस म्हणून 1906 मध्ये उभी राहिली. मँचेस्टरच्या मध्यवस्तीत ज्या वास्तूंना पाहुणे गिरण्या म्हणतात, त्यांतल्या बहुतेक या दुसऱ्या जातीच्या आहेत.

'वेअरहाउस'ला आपण सर्रास गोदाम म्हणतो, पण इथे तो शब्द पुरा पडत नाही. गोदामात माल पडून असतो. या इमारतींत माल साठवला जाई, तपासला जाई, गिऱ्हाइकाला दाखवला जाई, त्याचा सौदा होई, आणि तिथेच तो बांधून बंदराकडे रवाना होई. यासाठी मराठीत जुना नेमका शब्द आहे, तो म्हणजे वखार. आज वखार म्हटले की लाकडाची वखार डोळ्यांपुढे येते हे खरे. पण सतराव्या शतकात ईस्ट इंडिया कंपनीची माणसे सुरतेला आणि राजापूरला जिथे राहत, माल भरत आणि हिशेब लिहीत, ती जागा वखारच होती, आणि शिवाजी महाराजांनी 1661 मध्ये राजापुरात लुटली तीही वखारच. गंमत अशी की इंग्रज स्वतः त्या जागेला फॅक्टरी म्हणत, कारण तिथे कंपनीचे 'फॅक्टर', म्हणजे अडते-गुमास्ते, बसत. पुढे तोच शब्द त्यांच्या भाषेत कारखान्याला चिकटला. मराठीत वखार आणि कारखाना हे शब्द वेगळेच राहिले, तेव्हा या लेखात गिरणी आणि वखार हीच जोडी वापरतो.

आधी गिरणी पाहू. शहराच्या मध्यभागापासून पायी पंधरा-वीस मिनिटांवर अँकोट्स हा भाग आहे. तिथे ॲडम आणि जॉर्ज मरे या स्कॉटिश भावांनी 1798 मध्ये बांधलेली ओल्ड मिल आजही उभी आहे. वाफेवर चालण्यासाठी बांधलेल्या आणि अजून शिल्लक असलेल्या मँचेस्टरच्या कापूसगिरण्यांत ती सर्वांत जुनी. पाठोपाठ तिला लागून आणखी गिरण्या उभ्या राहिल्या आणि मधोमध एक चौक तयार झाला. समोरून जाणारा रॉचडेल कालवा 1804 मध्ये पूर्ण झाल्यावर या चौकात एक छोटा धक्का करण्यात आला आणि रस्त्याखालच्या बोगद्यातून तो कालव्याला जोडला, म्हणजे कोळशाची आणि रुईची होडी थेट गिरणीच्या पोटात येई. इमारतीची रुंदी मात्र जेमतेम 40-45 फूट. हा आकार कोणा वास्तुविशारदाच्या आवडीतून आलेला नाही. बोल्टनच्या सॅम्युअल क्रॉम्प्टनने 1779 मध्ये सिद्ध केलेले म्यूल हे सूतकताईचे यंत्र लांबलचक असते आणि त्याची चात्यांची गाडी धागा ओढत पुढे येऊन पुन्हा मागे जाते. अशी यंत्रे मजल्यावर आडवी बसवायची, तर भिंतीपासून भिंतीपर्यंतचे अंतर यंत्राच्या लांबीने ठरते, आणि दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून मधल्या कामगारापर्यंत उजेड पोहोचावा म्हणूनही इमारत अरुंद ठेवावी लागते. थोडक्यात, गिरणीची इमारत हे यंत्रावर घातलेले झाकण असते.

आत काय होते? कापसाची तूस हवेत उडत असे, यंत्रातून गळणारे तेल जमिनीत मुरत असे, आणि एका ठिणगीने सगळे भस्म होई. म्हणून हळूहळू लाकडी तुळया जाऊन बिडाचे खांब, बिडाच्या तुळया आणि त्यांच्यामध्ये विटांच्या बुटक्या कमानी अशी रचना रूढ झाली. मुंबईच्या जुन्या इमारतींत अशी छते पुष्कळांनी पाहिली असतील. बारीक सूत तुटू नये म्हणून हवा उबदार आणि दमट लागे, तेव्हा खिडक्या उजेडासाठी होत्या, वाऱ्यासाठी नव्हत्या. तेलकट फरशीवर कातणारे आणि तुटलेले धागे जोडणारी पोरे अनवाणी वावरत. (विणकामाचे साचे लँकेशरमध्ये बहुधा एकमजली शेडमध्ये, दातेरी छपराखाली असत, त्यामुळे ते वखारीशी घोटाळा करण्याइतके सारखे दिसत नाहीत, घोटाळा होतो तो उंच सूतगिरणीचा.)

आता वखार. मोझ्ली स्ट्रीटवर 1839 मध्ये एडवर्ड वॉल्टर्स या वास्तुविशारदाने रिचर्ड कॉब्डेन यांच्यासाठी एक वखार बांधली. कॉब्डेन हे छापील कापडाचे व्यापारी. धान्यावरील आयातकराविरुद्धच्या चळवळीचे पुढारी म्हणून ते पुढे प्रसिद्ध झाले. वॉल्टर्सने तिला रूप दिले ते इटलीतील श्रीमंत व्यापाऱ्यांच्या वाड्यांचे, आणि ही कल्पना शहराला अशी काही भावली की पुढची कित्येक वर्षे एकामागून एक वाडे उठत राहिले. त्यांचा कळस म्हणजे पोर्टलंड स्ट्रीटवरची एस. अँड जे. वॉट्स यांची वखार. 1851 ते 1856 या काळात, त्या वेळचे सुमारे 1 लाख पौंड खर्चून, ट्रॅव्हिस अँड मँगनल या वास्तुविशारदांनी ती बांधली, आणि मजल्यामजल्याला निरनिराळी शैली दिली: एक इटालियन, एक एलिझाबेथच्या काळची इंग्लिश, एक फ्रेंच, एक फ्लेमिश, आणि वर छपरावर चक्राकार खिडक्या असलेले मनोरे. सुरुची म्हणून मी तिला फारसे गुण देणार नाही. लग्नात सगळेच दागिने एकदम घातलेल्या बाईसारखी ती दिसते. पण आत शिरणाऱ्या गिऱ्हाइकाला मालकाची पत कळावी हा हेतू असेल, तर एवढ्या दुरूनही तो साधल्यासारखा वाटतो. आज तिथे हॉटेल आहे.

या वाड्यांची आतली मांडणी व्यापाराच्या क्रमाने ठरत असे. तळघर अर्धे जमिनीखाली असल्यामुळे दरवाजाशी चार-सहा पायऱ्या चढाव्या लागत. आत कचेऱ्या, तिथून पहिल्या मजल्यावर जाणारा रुंद जिना, आणि वर नमुन्यांची दालने. त्याच्यावरच्या मजल्यांत तागे रचलेले असत, आणि सगळ्यांत वर, जिथे निसर्गाचा उजेड चांगला मिळे, तिथे कापड टेबलावर उलगडून डाग, तुटलेला धागा, रंगातला फरक पाहिला जाई. रंगाच्या बाबतीत दिव्याच्या उजेडावर कोणी भरवसा ठेवत नसे. निर्यातीची वखार असेल तर व्यापारी कोरे कापड विकत घेऊन ते धुलाई, रंगाई किंवा छपाईसाठी बाहेर पाठवी. ते परत आले की वखारीत त्याच्या घड्या घालून, शिक्के मारून, प्रत्येक बाजारपेठेच्या सवयीप्रमाणे ते बांधले जाई.

हिंदुस्थानात जाणाऱ्या ताग्यांवर या टप्प्यात रंगीत छापील तिकिटे चिकटवत. त्यांवर लक्ष्मी, गणपती, कृष्ण, हत्ती, वाघ अशी चित्रे असत, म्हणजे अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकालाही आपली 'छाप' ओळखता यावी. आपल्या पणजोबांच्या पिढीने ज्याला मँचेस्टरचा माल म्हटले, त्याचा चेहरा असा गिरणीत नव्हे, वखारीत तयार होत असे.

मग तळघर. तिथे दाबयंत्रे होती, आणि कापडाचे ढीग दाबून त्यांच्या घट्ट गाठी बांधल्या जात, कारण जहाजावर मालाने जितकी जागा अडवली तितके भाडे. आधी यासाठी वखारी स्वतःचे बॉयलर ठेवत. 1894 पासून मँचेस्टरच्या नगरपालिकेने रस्त्यांखालच्या नळांतून प्रचंड दाबाचे पाणी पुरवायला सुरुवात केली, आणि त्या पाण्यावर दाबयंत्रे व माल उचलण्याचे पाळणे चालू लागले. नगरभवनाच्या घड्याळालाही याच पाण्याने चावी दिली जाई. ही व्यवस्था 1972 पर्यंत टिकली. तिचे एक पंपगृह आज पीपल्स हिस्ट्री म्युझियमचा भाग आहे. इंडिया हाउस, लँकेस्टर हाउस आणि ब्रिजवॉटर हाउस या व्हिटवर्थ स्ट्रीटच्या वखारी याच पाण्याच्या काळातल्या. त्यांचे वास्तुविशारद हॅरी फेअरहर्स्ट. त्या एका व्यापाऱ्याच्या मालकीच्या नसून, अनेक व्यापाऱ्यांना भाड्याने जागा आणि बांधणीची सोय पुरवणाऱ्या होत्या.

तर मग रस्त्यावर उभे राहून ओळखायचे कसे? तांबडी वीट पाहू नये, ती दोघींचीही असते. उंच धुराड्याचाही पक्का भरवसा नाही: वखारींतही बॉयलर होते, आणि जुन्या गिरण्यांची धुराडी कधीच पाडली गेली आहेत. खिडक्या पाहाव्यात. गिरणीत प्रत्येक मजल्यावर तेच यंत्र, म्हणून तळापासून वरपर्यंत त्याच मापाच्या, त्याच अंतराच्या खिडक्यांच्या रांगा. वखारीत मजल्यागणिक काम बदलते, म्हणून पहिल्या मजल्याच्या खिडक्या ऐटदार आणि वर जाताना त्यांचे रूप बदलत जाते. गिरणीचा दरवाजा शोधावा लागतो, कारण तो हजेरीसाठी होता. वखारीचा दरवाजा तुम्हाला शोधत येतो. आणि शंका उरलीच, तर इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत जावे. तिथे वखारीचा सगळा डामडौल संपतो: साध्या भिंती, उजेड परतवण्यासाठी लावलेल्या पांढऱ्या चकचकीत विटा, गाड्या लावायची दारे आणि माल चढवायचे कप्प्यांचे खांब. गिरणी मात्र मागूनपुढून बरीचशी सारखीच दिसते.

ही खूण जिथे चालत नाही, अशी एक वखार आहे, आणि जाणकारही तिथे चुकतात: कालव्याकाठची वखार. तिला गिऱ्हाइकावर छाप पाडायची नव्हती, त्यामुळे ती गिरणीइतकीच रुक्ष असते, वर पाण्याकाठी असते. पिकाडिलीजवळ डेल स्ट्रीटची वखार 1806 ची, दगडी. तिच्या पायथ्याशी पाण्यालगत बुटक्या कमानी दिसतात. त्यांतून होडीच इमारतीच्या आत शिरत असे, आणि वरच्या मजल्यांच्या जमिनीतील झडपा उघडून माल दोरखंडाने सरळ वर ओढला जाई. भर पावसातही त्याला थेंब लागत नसे, आणि मँचेस्टरच्या पावसात ही सोय काय मोलाची होती हे सांगायला नको. पाण्यालगतची कमान आणि भिंतीत मजल्यामजल्याला एकाखाली एक उघडणारी माल उचलण्याची दारे दिसली, की ती वखार. लिव्हरपूल रोडवर 1830 ची रेल्वेची वखारही आहे. लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वे त्याच वर्षी सुरू झाली, आणि जगातील सर्वांत जुनी टिकलेली रेल्वे वखार म्हणून ती ओळखली जाते. तिथे होडीऐवजी वाघिणी आत येत.

दोन्ही प्रकार एकाच शहरात असताना मध्यवस्ती वखारींच्याच ताब्यात का गेली, याचे उत्तर जागेच्या किमतीत आहे. गिरणीला पाणी, कोळसा आणि स्वस्त जमीन लागते. वखारीला दलाल, बँक, स्टेशन आणि एक्स्चेंज, म्हणजे कापूस-कापडाच्या सौद्यांचा बाजार, पायी अंतरावर लागते. मँचेस्टर शहरातील कापूसगिरण्यांची संख्या 1853 मध्ये 108 वर पोहोचली आणि तिथून उतरत गेली. सूतकताई ओल्डहॅम, बोल्टन अशा आसपासच्या गावांत वाढत राहिली, आणि मँचेस्टर त्या सगळ्यांची पेढी झाले. मुंबईकराला हे चटकन कळावे: सूत आणि कापड निघे परळ-लालबागला, पण भाव फुटे मुळजी जेठा मार्केटात. फ्रेडरिक एंगल्स यांना पुष्कळदा मँचेस्टरचे गिरणीमालक म्हटले जाते. त्यांच्या घराण्याची भागीदारी असलेल्या अर्मेन अँड एंगल्स या कंपनीची गिरणी होती शेजारच्या सॅलफर्डमधील वीस्ट इथे, आणि एंगल्स वर्षानुवर्षे बसत ते डीन्सगेटजवळच्या साउथगेटमधील कचेरीत. आधी नोकर आणि 1864 पासून भागीदार म्हणून त्यांनी 1869 पर्यंत तिथे पत्रव्यवहार आणि हिशेब पाहिले.

याच काळात, 1861 ते 1865 या अमेरिकेच्या यादवी युद्धाच्या वर्षांत, अमेरिकन कापूस येईनासा झाला आणि गिरण्यांत हिंदुस्थानी रुई आली. खानदेशाची असो वा वऱ्हाडाची, लँकेशरमध्ये तिला सरसकट 'सुरत' म्हणत. तिचा तंतू आखूड, धागा सारखा तुटे, आणि उक्त्या मजुरीवर कातणाऱ्याचे पोट त्या तुटण्यावर अवलंबून; त्यामुळे कामगारांत हे नाव शिवीसारखे झाले. वखारीतल्या गुमास्त्याला त्याच टंचाईत भाव चढतील की पडतील एवढाच घोर होता.

शेवटी एक अडचण प्रामाणिकपणे सांगायला हवी. अँकोट्समधील मरे बंधूंच्या चौकाच्या दोन बाजूंना उंच गिरण्या आहेत, आणि उरलेल्या दोन बाजू 1806 च्या सुमारास अरुंद इमारतींनी बंद केल्या गेल्या. त्यांत यंत्रे नव्हती. तिथे कचेऱ्या होत्या आणि माल ठेवला जाई. म्हणजे शहरातल्या सर्वांत अस्सल गिरणीच्या आवारातही एक वखार आहे, आणि आता त्या साऱ्याच इमारतींत लोक सदनिका घेऊन राहतात.