कमी खाणं वेगळं आणि कमी वेळा खाणं वेगळं

पुण्यात तळजाई टेकडीवर सकाळी चालायला गेलं की हल्ली निम्मी मंडळी डाएटवर असतात, कुणाचं दीक्षित डाएट, कुणाचं सोळा-आठ (सोळा तास उपास, आठ तासांत खाणं), आणि बोलणं शेवटी एकाच गोष्टीवर येतं, की कमी खाल्लं की माणूस जास्त जगतो, सायन्सने सिद्ध केलंय. अहो पण ही दोन प्रकरणं वेगळी आहेत. कमी खाणं म्हणजे दिवसाच्या एकूण कॅलरीज कापायच्या. कमी वेळा खाणं म्हणजे खायचे तास कमी करायचे, पोटभर खाल्लं तरी चालतं (दीक्षित डाएटमध्येही दोनदा जेवा पण भुकेइतकं जेवा असंच सांगतात).

आयुष्य वाढल्याचा जुना पुरावा आहे तो पहिल्याचा. १९३५ मध्ये अमेरिकेत कॉर्नेलला क्लाइव्ह मॅके यांनी उंदरांचं खाणं कापलं, पोषण मात्र सांभाळलं, आणि ते उंदीर जास्त जगले. पुढे लॅब्रॅडॉर कुत्र्यांना २५ टक्के कमी खायला घातलं तर ती साधारण १३ वर्षं जगली, बाकीची ११.२.

माकडांत खरी गंमत झाली. अमेरिकेत दोन ठिकाणी माकडांचं खाणं कापून बघितलं. विस्कॉन्सिनच्या माकडांना फायदा दिसला आणि मेरीलँडच्या सरकारी संस्थेतली माकडं काही जास्त जगली नाहीत, २०१२ मध्ये तसा निकालच आला. मग बघितलं तर विस्कॉन्सिनच्या खाण्यात साखर भरपूर होती आणि तुलनेची माकडं मनसोक्त खात होती, मेरीलँडला मात्र त्या माकडांनाही मोजूनमापूनच मिळत होतं. म्हणजे कमी खाऊन फायदा झाला की अति खाल्ल्याचा तोटा टळला, हा प्रश्न उरतोच, आणि मला तर दुसरंच जास्त पटतं.

घोळ होण्याचं कारणही आहे म्हणा. प्रयोगातले उंदीर कमी मिळालेलं अन्न एकदम फस्त करतात आणि उरलेला दिवस आपोआप उपाशी राहतात, त्यामुळे दोन्ही गोष्टी एकत्रच घडायच्या. २०२२ मध्ये टेक्ससच्या जोसेफ ताकाहाशींच्या टीमने त्या वेगळ्या केल्या. ३० टक्के कमी अन्न दिवसरात्र थोडं थोडं दिलं तर उंदरांचं आयुष्य १० टक्के वाढलं, तेवढंच फक्त रात्री, म्हणजे उंदीर जागे असतात तेव्हा दिलं तर ३५ टक्के. पण नीट बघा, कमी तर दोघांनीही खाल्लं.

माणसांचं काय? अमेरिकेत २१८ जणांचा दोन वर्षांचा प्रयोग झाला, २५ टक्के कमी खा म्हणून सांगितलेल्यांना सरासरी १२ टक्केच जमलं. बीपी, कोलेस्टेरॉल सुधारलं पण हाडांची घनता थोडी घटली, आणि दोन वर्षांत आयुष्य किती वाढलं ते काय कळणार! चीनमध्ये ग्वांगझूला १३९ लठ्ठ लोकांना सारख्याच कॅलरीज दिल्या, निम्म्यांना आठ तासांतच खायला लावलं, वर्षभराने वजनात म्हणावा असा फरक नाही.

आणि आपली एकादशी दुप्पट खाशी, साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा चिवडा, ती या दोन्हींत बसत नाही. शुगरच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर मात्र यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, शुगर एकदम खाली जाऊ शकते.