स्टीम इस्त्री म्हणजे स्टीमर नव्हे

लग्नसराई आली की एक सल्ला सगळीकडे फिरायला लागतो: "जॅकेट सिल्कचं आहे ना, मग नुसती स्टीम द्या." कुठली स्टीम? इस्त्रीच्या बटणातून येणारी की उभ्या स्टीमरची? ते कुणी सांगत नाही. मग पैठणीच्या बंडीवर छातीपाशी पाण्याचे गोल डाग पडतात, मखमली ब्लेझरवर इस्त्रीचं टोक उमटतं आणि बोल मात्र कापडाला लागतो.

इस्त्री सगळ्यांच्या ओळखीची आहे. तापलेला पत्रा, वरून हाताचा दाब, आणि स्टीमची असेल तर भोकांतून वाफ. स्टीमरकडे पत्र्याचा दाब नसतो. जॅकेट हँगरवर लटकलेलं असतं आणि वाफ त्याला लागून जाते. दिसायला एवढाच फरक, पण कापडाच्या दृष्टीने ही दोन वेगळी कामं आहेत.

लोकर, रेशीम किंवा लिनन ओल आणि उष्णता मिळाली की सैल पडतं, आणि थंड होऊन सुकताना ज्या आकारात असेल तोच आकार धरतं. स्टीमर कापड फक्त सैल करतो. पुढे ते सरळ होतं स्वतःच्या वजनाने आणि खालून आपण दिलेल्या हलक्या ताणाने. इस्त्री मात्र दाबाने आकार लादते. म्हणून लोकरीच्या कोटावर स्टीमर सुरेख चालतो आणि लिननच्या ब्लेझरवर तासभर फिरवला तरी कोपरावरच्या चुण्या हटत नाहीत. लिननला ओल, तीन ठिपक्यांची (लेबलवरची सगळ्यात जास्त) उष्णता आणि दाब, तिन्ही हवं. फक्त आत पॉलिएस्टरचं अस्तर असेल तर ते तीन ठिपके सोसत नाही. तिथे दोनवर या आणि कापड जास्त ओलं ठेवा.

आता खरी ठेच लागते ती जागा. केअर लेबलवरचे ठिपके म्हणजे पत्र्याचं कमाल तापमान: एक ठिपका साधारण 110 अंश, दोन 150, तीन 200. पाण्याची पूर्ण वाफ व्हायला पत्रा शंभराच्या बराच वर लागतो, म्हणून बहुतेक इस्त्र्यांच्या चकतीवर वाफेची खूण वुलच्या आसपास किंवा त्याच्याही पुढे सुरू होते. सिल्क त्याच्या अलीकडे. चकती सिल्कवर ठेवून स्टीमचं बटण दाबलं की आतलं पाणी अर्धवट वाफ होतं आणि उरलेलं थेंबांनी भोकांतून खाली पडतं. रेशमावर थेंब सुकताना रंग आणि कापडाचं फिनिश कडेला ढकलतो, आणि डागाभोवती कडी उमटते. थेंब पडू नये म्हणून चकती वाढवली, तर रेशीम पिवळं पडायला लागतं. म्हणजे साध्या स्टीम इस्त्रीवर 'रेशमापुरती मंद उष्णता आणि सोबत वाफ' ही जोडी जमतच नाही. रेशमी जॅकेटला इस्त्री करायची तर टाकी रिकामी करा, स्टीम बंद ठेवा, चकती सिल्कवर ठेवा. वर दुहेरी मलमल टाका. इस्त्री तीन-चार सेकंद टेकवा, उचला, पुढे ठेवा. घासू नका. कॉलर आणि लॅपेल (पुढची उलटी दुमडलेली पट्टी) बऱ्याच ठिकाणी तिरक्या धाग्यावर येतात, घासले की ताणले जातात. जरीवर तर उघडा पत्रा कधीच नको. जरीचा धागा प्लास्टिकचा असेल तर तो वितळतो.

रेशमावर स्टीमर चालतो, पण पाच सेंटिमीटर अंतरावरून आणि हात एका जागी न थांबवता. पहिली फुरफुर मोरीत किंवा जुन्या टॉवेलवर सोडा, कारण सुरुवातीला पाणीच उडतं. हातातला स्टीमर तिरपा धरला तरी तेच होतं. आधी आतल्या शिवणीवर करून बघा. बोअरवेलचं पाणी टाकीत घालू नये, क्षार भोकांत साठतात आणि पांढरे ठिपके होऊन कापडावर येतात.

बंडीच्या पुढच्या भागात कापडामागे चिकटवलेलं अस्तर असतं. एकाच जागी वाफ मारत राहिलं की त्याचा गोंद सुटतो आणि छातीवर फुगे येतात. ते घरी नीट बसत नाहीत. वाफ सुरक्षितच असते असं मानणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं.

मखमलीबद्दल वाद नको: वरून इस्त्री नाहीच. लव एकदा दबली की पत्र्याचा आकार तिथे राहतो. सात-आठ सेंटिमीटरवरून वाफ आणि लवेच्या दिशेने मऊ ब्रश, एवढंच. लोकरीला उघड्या पत्र्याने चकाकी येते, म्हणून तिथे ओलसर मलमल. बाहीत गुंडाळलेला टॉवेल सरकवला की दोन्ही कडांना नको असलेली घडी पडत नाही.

आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक: गरम जॅकेट लगेच अंगावर चढवणं. कापड अजून सैल असतं, कोपर वाकला की तीच चुणी त्यात बसते. निदान अर्धा तास हँगरवर राहू द्या. मुहूर्त साडेदहाचा असेल तर नवाच्या आत काम संपवा.

कोळशाच्या इस्त्रीवर ठिपके नसतात. गल्लीतल्या इस्त्रीवाल्या दादांचा हात कितीही सरावाचा असला तरी रेशीम आणि मखमल तिकडे देऊ नये. सुती कुर्ते खुशाल द्या.

मुळात सुरकुत्या कमी पडाव्यात म्हणून खांद्याशी चार-पाच सेंटिमीटर रुंद असलेला हँगर घ्या, तारेचा नको. समारंभाहून आल्यावर जॅकेट तासभर मोकळ्या हवेत टांगून मगच कपाटात ठेवा, कारण घामाची ओलही चुण्या पक्क्या करते. कव्हर मलमलीचं किंवा जुन्या सुती साडीचं. प्रवासात एक खांदा उलटा करून दुसरा त्यात बसवा, घडीत मऊ सुती ओढणी गुंडाळून घाला, आणि पोचल्याबरोबर, चहाच्याही आधी, बॅगेतून काढून टांगा.