गालिच्याचे गाव त्याच्या पाठीवर

इराणी गालिचा विकणारा त्याचे तोंड दाखवतो, जाणकार मात्र कोपरा उचलून पाठ बघतो. नक्षी पाहून गाव सांगायला जावे तर फसायला होते, कारण नक्षी फिरती असते. मधोमध मोठे पदक, चार कोपऱ्यांत त्याचेच तुकडे, कडेने वेलबुट्टीची पट्टी हा आराखडा तब्रिझ, काशान, इस्फहान, केरमान असा सगळीकडे भेटतो. कुममध्ये शहरी विणकामाने मूळ धरले तेच विसाव्या शतकात. तिथल्या रेशमी गालिच्यांनी काशान-इस्फहानची नक्षी उघडउघड उचलली. कागदावरचे चित्र कुणीही नेऊ शकतो. गाठ मारायची सवय मात्र लहानपणी हातात बसते आणि सहजासहजी गाव सोडत नाही.

गालिचा विणताना आधी मागावर उभे धागे, म्हणजे ताणा, ताणून घेतात. शेजारच्या दोन धाग्यांत लोकरीचा तुकडा अडकवून कापला की एक गाठ झाली. तिची वर राहिलेली टोके म्हणजे गालिच्याची लव. गाठींची ओळ संपली की आडवा धागा, म्हणजे बाणा, घालायचा आणि जड फणीने ठोकायचा. गाठीचे मुख्य प्रकार दोन. सममित गाठीत लोकर दोन्ही धाग्यांवरून वळून दोघांच्या मधून बाहेर येते. असममित गाठीत ती एकाच धाग्याला पुरा वळसा घालते आणि दुसऱ्याच्या नुसती मागून जाते. तब्रिझ आणि वायव्येचा तुर्की बोलणारा मुलूख पहिलीचा. काशान, इस्फहान, नाईन, केरमान दुसरीचे. तब्रिझचा विणकर बोटांऐवजी टोकाला आकडा असलेली सुरी वापरतो, आणि तिचा वेग पाहणाऱ्याला हात दिसत नाही.

तब्रिझमध्ये विणीचा बारीकपणा 'रज'मध्ये सांगतात: साधारण 7 सेंटिमीटर रुंदीत किती गाठी बसल्या. उभ्या दिशेनेही तेवढ्याच धरल्या तर 50 रजच्या गालिच्यात एका चौरस मीटरला 5 लाखांवर गाठी होतात. एवढे कष्ट म्हटल्यावर पळवाटही आलीच. इराणच्या ईशान्येकडच्या खोरासानात 'जुफ्ती' गाठ बरीच दिसते: दोनऐवजी चार धाग्यांवर एक गाठ. काम अर्ध्यावर येते, पण लव विरळ होते आणि लवकर झिजते.

माझ्या मते विणीची सगळ्यात मजेदार करामत कुर्दिस्तानातल्या बिजारची. गाठींच्या दोन ओळींमध्ये एक बाणा ताठ आणि एक सैल घातला की ताठ बाणा ताण्यातले एकाआड एक धागे मागे ढकलतो, आणि पाया दोन थरांचा होतो. बिजारचे विणकर जाड बाणा घालून, तो ओला करून इतका ठोकतात की शेजारचे दोन उभे धागे जवळजवळ एकामागे एक उभे राहतात. गालिचा फळीसारखा ताठ होतो. त्याची घडी घालायची नसते, गुंडाळायचा असतो. घडीवर पायाचे धागे तुटू शकतात. शेजारच्या हमदानच्या खेड्यांत याच्या उलट चाल: दोन ओळींत एकच बाणा. त्यामुळे उभे धागे एका पातळीत राहतात आणि पाठीवर बाण्याचे बारीक ठिपके दिसतात.

युनेस्कोने 2010 मध्ये काशान आणि फार्स इथल्या गालिचे विणण्याच्या परंपरा अमूर्त वारशाच्या यादीत वेगवेगळ्या नोंदवल्या, ते योग्यच झाले. काशानचा माग उभा, घरात पक्का बसवलेला, आणि समोर नक्षीचा रेखाटलेला नकाशा. फार्समधल्या कश्काई भटक्यांचा माग जमिनीवर आडवा, खुंट्यांना ताणलेला. तळ हलला की तो गुंडाळून न्यायचा. बायका नकाशाशिवाय, आठवणीतून विणतात. शहरात ताणा सहसा सुताचा असतो, भटक्यांकडे लोकरीचा. लोकर सुतापेक्षा जास्त ताणली जाते, आणि माग पुन्हा लावताना ताण तोच राहत नाही. म्हणून कश्काई गालिच्याची एक बाजू कधी कधी दुसरीपेक्षा रुंद भरते. व्यापारी याला दोष म्हणतो. मला तो मुक्काम हलल्याचा पुरावा वाटतो.

लाल रंगही पत्ता सांगतो. बहुतेक ठिकाणी तो 'रुनास' नावाच्या झुडपाच्या मुळांचा, विटकरी झाक असलेला. ही आपल्या मंजिष्ठेची सख्खी नातलग. केरमान आणि खोरासानात मात्र किड्यांपासून काढलेला, किंचित जांभळट लालही मुबलक वापरला गेला. रुनासमधले अलिझारिन हे रंगद्रव्य लोकरीवर टिकते ते तुरटीमुळे: तुरटीतले ॲल्युमिनियम रंगाचा रेणू आणि लोकर यांना बांधून ठेवते. तुरटीच्या जागी लोहाचा क्षार घेतला की तीच मुळे जांभळट-तपकिरी रंग देतात.

लोह मात्र किंमत वसूल करते. गडद तपकिरी आणि काळ्यासाठी लोहाबरोबर टॅनिन, म्हणजे तुरट द्रव्य, असलेल्या वनस्पती वापरत. लोहामुळे लोकरीचे ऑक्सिडीकरण वेगाने होते, तंतू ठिसूळ होतात आणि पायाखाली झडतात. जुन्या गालिच्यावर हात फिरवला तर काळ्या रेषा खोल गेलेल्या आणि लाल-निळी फुले उचलून आलेली लागतात. झडते ती वरची लव. ताण्याला आवळून बसलेला गाठीचा वेढा बऱ्याचदा शाबूत असतो, म्हणून समोरून पुसट झालेली काळी रेघ पाठीवर अजून वाचता येते.