स्टेरॉइड ग्राहींविरुद्धची प्रतिपिंडे

स्टेरॉइड ग्राहींविरुद्धची प्रतिपिंडे : इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल, अल्डोस्टेरॉन या स्टेरॉइड संप्रेरकांचे पेशीतील ग्राही शोधण्यासाठी प्रयोगशाळेत वापरली जाणारी प्रतिपिंडे. ग्राही हे प्रथिन असते. संप्रेरक येऊन चिकटले की ग्राही डीएनएवरच्या ठरावीक जागी बसतो आणि जनुकांचे काम वाढवतो किंवा थोपवतो. ऊतीत ग्राही आहे का, किती आहे आणि पेशीच्या कोणत्या भागात आहे, हे आज बहुतेक वेळा प्रतिपिंडांवरूनच ठरते. मात्र प्रतिपिंड अख्खा ग्राही कधीच ओळखत नाही. शेकडो अमिनो आम्लांच्या साखळीतला मोजक्या आम्लांचा एक तुकडा, म्हणजे एपिटोप, तेवढाच ते धरते. तो तुकडा साखळीत कुठे आहे आणि तसाच तुकडा दुसऱ्या एखाद्या प्रथिनात आहे का, यावर प्रतिपिंडाची सारी किंमत ठरते.

ग्राहींचा शोध प्रतिपिंडांशिवायच लागला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस शिकागो विद्यापीठात एलवुड जेन्सन यांनी ट्रिटियम (किरणोत्सारी हायड्रोजन) जोडलेले इस्ट्राडायोल हे इस्ट्रोजेन उंदरांच्या लहान माद्यांना टोचले. ते रक्तातून ओसरले तरी गर्भाशयात टिकून राहिले, तेही रासायनिक बदल न होता. याच तत्त्वावर पुढे स्तनाच्या गाठींसाठी चाचणी निघाली. गाठीचा ताजा तुकडा लगेच गोठवायचा, दळायचा, त्यात किरणोत्सारी संप्रेरक मिसळायचे, न चिकटलेले संप्रेरक डेक्स्ट्रान लावलेल्या कोळशाच्या भुकटीने शोषून घ्यायचे आणि उरलेली किरणोत्सारिता मोजायची. चाचणी चांगली होती, पण दळलेल्या ऊतीत कर्कपेशी कोणती आणि शेजारची निरोगी पेशी कोणती हे कळायला मार्ग नव्हता. रुग्णाच्या शरीरातल्या संप्रेरकाने किंवा टॅमॉक्सिफेन या इस्ट्रोजेनरोधक औषधाने ग्राही आधीच अडवलेला असला, तर आकडा खोटाच कमी यायचा. गाठ लहान असेल तर दळायला तुकडाच उरत नसे.

१९७५ साली जॉर्ज कोलर आणि सेझार मिलस्टाइन यांनी मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशातून येणारी आणि एकच एपिटोप ओळखणारी, प्रतिपिंडे तयार करण्याची रीत दिली. तिच्या आधारे जेफ्री ग्रीन, जेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये मानवी इस्ट्रोजेन ग्राहीविरुद्धची पहिली मोनोक्लोनल प्रतिपिंडे प्रसिद्ध केली. त्यासाठी लागणारा ग्राही एमसीएफ-७ या स्तन कर्करोगाच्या पेशींतून शुद्ध केला होता. संप्रेरक चिकटलेले असो वा नसो, ही प्रतिपिंडे ग्राही ओळखत, त्यामुळे जुन्या चाचणीची मोठी अडचण सुटली. पुढे १९८५ मध्ये या ग्राहीचे जनुक हाती लागले, तेही अशाच प्रतिपिंडांनी चाळणी लावून.

पहिला धक्का बसला तो पाठ्यपुस्तकाला. संप्रेरक नसताना इस्ट्रोजेन ग्राही पेशीद्रवात असतो आणि संप्रेरक मिळाले की केंद्रकात जातो, अशी तोवर मान्यता होती. १९८४ मध्ये विल्यम किंग आणि ग्रीन यांनी प्रतिपिंड लावून पाहिले, तर संप्रेरक नसतानाही रंग केंद्रकातच उमटला. पेशींतून केंद्रके वेगळी काढून जॅक गोर्स्की यांच्या गटानेही त्याच वर्षी तोच निष्कर्ष काढला. ऊती दळताना सैल बसलेला ग्राही केंद्रकातून बाहेर झिरपत होता आणि तो मुळात बाहेरच असतो असे समजले जात होते. हे सगळ्या स्टेरॉइड ग्राहींना मात्र लागू नाही. कॉर्टिसॉलचा ग्राही संप्रेरक येईपर्यंत प्रामुख्याने पेशीद्रवातच असतो.

दुसरी गोष्ट फसगतीची, पण फलदायी. पॅरिसमध्ये एतिएन-एमिल बोलियो यांच्या प्रयोगशाळेत कोंबडीच्या अंडवाहिनीतल्या प्रोजेस्टेरॉन ग्राहीच्या संकुलाविरुद्ध बीएफ४ नावाचे प्रतिपिंड तयार झाले. ते प्रोजेस्टेरॉनच्याच नव्हे, तर एकूण चार स्टेरॉइडांच्या ग्राही-संकुलांना चिकटू लागले. कारण ते ग्राहीला चिकटतच नव्हते. निष्क्रिय ग्राहीला बिलगून बसणारे ९० किलोडाल्टनचे एक सोबती प्रथिन ते धरत होते. हे प्रथिन म्हणजे उष्णता-आघात प्रथिन एचएसपी९० असल्याचे १९८५ मध्ये स्पष्ट झाले. चुकीच्या लक्ष्यावर बसलेल्या प्रतिपिंडाने इतके मोठे काम केल्याची उदाहरणे थोडी आहेत.

एपिटोपच्या जागेला एवढे महत्त्व का, हे ग्राहींच्या रचनेवरून समजते. साखळीच्या मधोमध डीएनएला धरणारा भाग असतो आणि तो सगळ्या कुटुंबात जवळजवळ सारखा असतो. इस्ट्रोजेनच्या अल्फा आणि बीटा या दोन ग्राहींत तर हा भाग ९५ टक्क्यांहून अधिक जुळतो. तिथे बसणारे प्रतिपिंड भावंडांत फरक करू शकत नाही, म्हणून लक्ष्य निवडताना साखळीच्या टोकांकडे, विशेषतः सुरुवातीच्या भागाकडे जावे लागते. त्यातही मेख आहे. प्रोजेस्टेरॉन ग्राहीची ए आणि बी अशी दोन रूपे एकाच जनुकातून येतात आणि ए रूपात सुरुवातीची १६४ अमिनो आम्ले नसतात. त्या भागात बसणारे प्रतिपिंड फक्त बी दाखवते. पुढच्या भागात बसणारे दोन्ही दाखवते, पण वेगळी ओळखू देत नाही. प्रोस्टेट कर्करोगातले अँड्रोजेन ग्राहीचे (टेस्टोस्टेरॉन ज्याला चिकटते त्या ग्राहीचे) एआर-व्ही७ हे रूप संप्रेरक धरणारा भागच गमावून बसलेले असते. शेवटाकडचे प्रतिपिंड लावले तर ते दिसतच नाही आणि सुरुवातीकडचे लावले तर पूर्ण ग्राहीत मिसळून जाते. खास त्याच्यासाठीचे प्रतिपिंड त्याच्या शेपटाला असलेल्या १६ वेगळ्या अमिनो आम्लांविरुद्ध बनवावे लागते.

या प्रतिपिंडांचा सर्वाधिक वापर विकृतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत, स्तनाच्या गाठीच्या काचपट्टीवर होतो. सुरुवातीची प्रतिपिंडे गोठवलेल्या कापांवरच नीट चालत, कारण फॉर्मॅलिनने प्रथिनांत आडवे बंध तयार होतात आणि एपिटोप झाकला जातो. काप तापवून तो पुन्हा उघडा करण्याची पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पॅराफिनच्या ठोकळ्यांत वर्षानुवर्षे पडून असलेल्या गाठीही तपासता येऊ लागल्या. आता काप सायट्रेट किंवा ईडीटीएच्या द्रावणात गरम करतात, मग उंदराचे १डी५ किंवा ६एफ११, नाहीतर सशाचे एसपी१ असे प्रतिपिंड लावतात. शेवटी विकराच्या साहाय्याने तपकिरी रंग उमटवतात आणि बाकीची केंद्रके हिमॅटॉक्सिलिनने निळी करतात.

सूक्ष्मदर्शकाखाली आधी गाठीकडे नव्हे, तिच्या कडेला राहिलेल्या निरोगी दुग्धनलिकेकडे पाहावे. तिच्या अस्तरात काही केंद्रके गडद तपकिरी, काही फिकट आणि काही निळीच, अशी सरमिसळ दिसली पाहिजे. तिथे सगळेच निळे असेल, तर गाठीतल्या निळ्या केंद्रकांवरून 'ग्राही नाही' असे लिहिता येत नाही. ऊती फॉर्मॅलिनमध्ये पडायला उशीर झाला असेल किंवा रंगवण्यात काही बिघडले असेल. शस्त्रक्रियेनंतर तासाभराच्या आत ऊती फॉर्मॅलिनमध्ये जावी आणि तिथे ६ ते ७२ तास राहावी, असा संकेत आहे. मोजायची ती केंद्रके. पेशीद्रवातला तपकिरीपणा धरत नाहीत. अमेरिकेतल्या कर्करोगतज्ज्ञ आणि विकृतिशास्त्रज्ञांच्या संघटनांनी २०१० मध्ये किमान १ टक्का कर्ककेंद्रके रंगली तर गाठ सकारात्मक, अशी रेषा आखली. २०२० मध्ये १ ते १० टक्क्यांच्या गाठींसाठी 'अल्प सकारात्मक' हा वेगळा शेरा सुचवला गेला. टॅमॉक्सिफेनसारखे औषध द्यायचे की नाही हे यावर अवलंबून असल्याने हा हिशेब कोरडा नाही.

प्रतिपिंड खरे की खोटे, हे पारखायला ग्राही असलेल्या आणि नसलेल्या पेशी शेजारी शेजारी ठेवतात : इस्ट्रोजेन ग्राही अल्फासाठी एमसीएफ-७ आणि एमडीए-एमबी-२३१, अँड्रोजेन ग्राहीसाठी एलएनकॅप आणि पीसी-३ (प्रत्येक जोडीत पहिल्या पेशींत ग्राही असतो, दुसऱ्यांत नसतो). जनुक काढून टाकलेल्या पेशींत संकेत नाहीसा झाला, तर तो पुरावा अधिक पक्का. प्रतिपिंड ज्या तुकड्याविरुद्ध बनवले तोच तुकडा (पेप्टाइड) मिसळला आणि रंग गेला, एवढ्यावर भागवण्याची रीत मात्र कच्ची आहे. प्रतिपिंड भलत्या प्रथिनाला चिकटत असले, तरी पेप्टाइड त्याची तीच जागा अडवतो आणि चुकीचा रंगही तितक्याच आज्ञाधारकपणे नाहीसा होतो.

ही पारख नीट न केल्याची किंमत इस्ट्रोजेनच्या बीटा ग्राहीच्या बाबतीत मोजावी लागली. १९९६ मध्ये स्टॉकहोममधल्या यान-ओके गुस्टाफसन यांच्या गटाने उंदराच्या प्रोस्टेटमधून हा ग्राही शोधला. त्यानंतर तो स्तनात आहे, तिथे त्याचे अमुक कार्य आहे, असे सांगणारे लेख मोठ्या संख्येने आले. २०१७ मध्ये वापरातली १३ प्रतिपिंडे एकत्र तपासली गेली, तेव्हा ऊतींच्या कापांवर फक्त एकच, पीपीझेड०५०६, बीटा ग्राहीला नेमके धरत असल्याचे दिसले. ते फारसे कुणी वापरतही नव्हते. त्याने रंगवल्यावर वृषण, अंडाशय आणि लसिकाभ पेशींत बीटा ग्राही सापडला. निरोगी किंवा कर्करोगग्रस्त स्तनात त्याचा मागमूस नव्हता.