‘अभिञ्ञा’ला ‘सिद्धी’चा अर्थ कसा चिकटला

बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेतली ‘अभिञ्ञा’ म्हणजे मुळात थेट जाणणे; पण आज ती सिद्धी, म्हणजे चमत्कारी शक्ती, म्हणून वाचली जाते. पालीतला ‘ञा’ म्हणजे संस्कृतातला ‘ज्ञा’ धातू. त्याला उपसर्ग लागून सञ्ञा, विञ्ञाण, पञ्ञा, अभिञ्ञा, परिञ्ञा, अञ्ञा हे शब्द होतात. मराठी वाचक नेमका इथेच फसतो. आपली ‘संज्ञा’ म्हणजे पारिभाषिक शब्द, ‘विज्ञान’ शाळेतला विषय आणि ‘आज्ञा’ म्हणजे हुकूम. पालीतली अञ्ञा मात्र अर्हताचे, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्याचे, अंतिम ज्ञान. (‘अञ्ञ’ म्हणजे दुसरा आणि ‘अञ्ञाण’ म्हणजे अज्ञान, हा घोळ वेगळाच.)

बुद्धाच्या सुत्तांच्या (उपदेशांच्या) संग्रहांना निकाय म्हणतात. त्यांतल्या मज्झिमनिकायाच्या पहिल्याच सुत्तात, मूलपरियायात, हा फरक क्रियापदांतून दिसतो. पुथुज्जन (सामान्य माणूस) पृथ्वीला पृथ्वी म्हणून ‘सञ्जानाति’, म्हणजे खुणेने ओळखतो. सेख (मुक्तीच्या मार्गावर अजून शिकणारा) आणि अर्हत ‘अभिजानाति’, म्हणजे थेट जाणतात. पुथुज्जनाला ती ‘अपरिञ्ञात’ (पूर्ण न जाणलेली), सेखाला ‘परिञ्ञेय्य’ (पूर्ण जाणायची) आणि अर्हताला ‘परिञ्ञात’ (पूर्ण जाणलेली). म्हणजे अभिञ्ञेनंतरही परिञ्ञा, पूर्ण जाणणे, उरतेच. संयुत्तनिकायात तर राग (आसक्ती), दोस (द्वेष), मोह यांचा क्षय म्हणजेच परिञ्ञा असे सांगितले आहे. चमत्काराचा इथे मागमूस नाही.

रूपांचाही सापळा आहे. धम्मचक्कप्पवत्तनसुत्तातल्या, म्हणजे बुद्धाच्या पहिल्या उपदेशातल्या, ‘अभिञ्ञाय सम्बोधाय निब्बानाय’मध्ये ‘अभिञ्ञाय’ हे नामाचे चतुर्थीरूप आहे, म्हणजे अभिञ्ञेसाठी. ‘सब्बं अभिञ्ञाय’मध्ये तेच रूप पूर्वकालवाचक: सर्व जाणून. ‘सयं अभिञ्ञा सच्छिकत्वा’ (स्वतः जाणून, साक्षात करून) इथली ‘अभिञ्ञा’सुद्धा ‘जाणून’च. तिला नाम समजून ‘सहा अभिञ्ञा साक्षात करून’ असे भाषांतर केले, की वाक्यात नसलेल्या सिद्धी आत शिरतात.

सहा अभिञ्ञांची यादीही निकायांतच आहे: इद्धिविध (ऋद्धी, चमत्कार), दिब्बसोत (दिव्य श्रवण), परचित्तज्ञान, पूर्वजन्मस्मरण, दिब्बचक्खु (दिव्य दृष्टी) आणि आसवक्षय (चित्तमळांचा नाश). पण संयुत्तातल्या पवारणासुत्तात 500 भिक्खूंपैकी छळभिञ्ञ (सहाही अभिञ्ञा असलेले) 60च. तेविज्ज (यांतल्या शेवटच्या तीनच असलेले) 60, उभतोभागविमुत्त (ध्यान आणि प्रज्ञा दोन्हींनी मुक्त) 60 आणि उरलेले 320 पञ्ञाविमुत्त (प्रज्ञेने मुक्त). विमुक्तीला पहिल्या पाच अनिवार्य नाहीत, हे या आकड्यांतूनच कळते.

पाचव्या शतकात भाष्यकार बुद्धघोषाने विसुद्धिमग्ग या ग्रंथाच्या 12व्या व 13व्या परिच्छेदांत (प्रकरणांत) या पहिल्या पाच, लौकिक अभिञ्ञांचे सविस्तर विवेचन केले, आणि शब्दाचा ‘सिद्धी’ हा पारिभाषिक अर्थ ठळक झाला. गोव्यातल्या सांखवाळचे धर्मानंद कोसंबी याच ग्रंथाचे संपादक. सुरुवातीच्या शब्दांतला फरक सांगायला या ग्रंथाच्या 14व्या परिच्छेदात नाण्यांची उपमा येते: अजाण मूल नाण्याचा रंग-आकार पाहते (सञ्ञा), गावकऱ्याला त्याचा व्यवहारही कळतो (विञ्ञाण), सराफ खरे-खोटे पारखतो (पञ्ञा).

मराठीत ‘अभिज्ञान’ लिहावे, तर शकुंतलेची अंगठी आठवते. त्यापेक्षा क्रियापद असेल तिथे ‘थेट जाणणे’ आणि यादी असेल तिथे मूळ ‘अभिञ्ञा’च ठेवलेली बरी.