प्युरिटन प्रार्थना आणि दैनंदिन उपासना

इंग्लंडमध्ये सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात चर्चची आणखी सुधारणा व्हावी असा आग्रह धरणाऱ्या प्रोटेस्टंटांना विरोधक हिणवून ‘प्युरिटन’ म्हणत. पुढे तेच नाव रूढ झाले. या लोकांच्या आणि त्यांच्या वळणाच्या नंतरच्या उपदेशकांच्या प्रार्थना आजही अनेक ख्रिस्ती विश्वासणारे रोजच्या शास्त्रवाचनाबरोबर वाचतात. त्या मुख्यतः पोचल्या ‘द व्हॅली ऑफ व्हिजन’ (१९७५) या इंग्रजी संग्रहामुळे. अँग्लिकन पाळक आर्थर बेनेट यांनी तो संपादित केला. संग्रहाचे नाव यशयाच्या २२व्या अध्यायातील ‘दृष्टान्ताच्या खोऱ्या’वरून घेतले आहे.

छापील प्रार्थना पाहून वाचण्याला अनेक प्युरिटनांचा कडवा विरोध होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. १६४५ मध्ये पार्लमेंटने चर्च ऑफ इंग्लंडचे ठरावीक प्रार्थनापुस्तक बाजूला सारून उपासनेची मार्गदर्शिका आणली. तिच्यात कशासाठी प्रार्थना करावी याचे दिग्दर्शन होते, शब्द पाळकाने स्वतःचे वापरायचे होते. राजेशाही परतल्यावर १६६२ च्या कायद्याने प्रार्थनापुस्तक पुन्हा सक्तीचे झाले, तेव्हा सुमारे दोन हजार पाळकांना आपली पदे गमवावी लागली. बेडफर्डच्या तुरुंगात बारा वर्षे काढलेल्या जॉन बन्यनने तेथूनच प्रार्थनेवर लिहिले : प्रार्थना म्हणजे पवित्र आत्म्याच्या साहाय्याने अंतःकरण देवापुढे ओतणे. मग त्यांच्याच प्रार्थनांचे पुस्तक कसे झाले? बेनेट यांनी जुन्या लेखनातून उतारे निवडले, ते संक्षिप्त केले आणि कवितेसारख्या लहान ओळींत मांडले. कोणती प्रार्थना कोणाची, हे प्रत्येक ठिकाणी दिलेले नाही. मूळ लेखकांत टॉमस वॉटसन, रिचर्ड बॅक्स्टर, बन्यन हे खरे प्युरिटन आहेत, तसे अठराव्या शतकातील मिशनरी डेव्हिड ब्रेनर्ड आणि एकोणिसाव्या शतकातील उपदेशक स्पर्जनही आहेत. हा संग्रह प्रार्थनेची पाठावली म्हणून वापरू नये, माणूस प्रार्थना करूनच प्रार्थना शिकतो, असे बेनेट यांनी प्रस्तावनेत बजावले आहे.

या प्रार्थनांतून धीर कसा मिळतो, हे पहिल्या वाचनात उमगत नाही. त्या गोंजारत नाहीत. सुरुवात देवाच्या थोरवीने होते आणि लगेच स्वतःची झडती सुरू होते. एका प्रार्थनेत तर भक्त म्हणतो की, माझ्या पश्चात्तापाचाही मला पश्चात्ताप करायला हवा, माझे अश्रूसुद्धा धुऊन निघायला हवेत. ज्याला आज सकाळी प्रार्थना सुचलीच नाही, मन कोरडे आहे, कालचे पाप डोळ्यांपुढून हटत नाही, त्याला येथे आपल्याही आधी, आपल्याहून स्पष्ट बोललेला कोणी भेटतो. आणि तो बोलणारा निराश नाही. तळाशी गेल्यावर तो ख्रिस्ताच्या वधस्तंभाला धरतो आणि तेथूनच स्तुती सुरू होते. संग्रहाच्या पहिल्याच प्रार्थनेत ही वाट प्रतिमेतून आली आहे : दिवसाउजेडी तारे दिसतात ते खोल विहिरीच्या तळातून. स्वतःच्या भक्तीचे मोजमाप करून धीर येत नाही. कृपा दुसऱ्याकडून आली आहे, या खात्रीने येतो. प्युरिटन उपदेशक रिचर्ड सिब्झने १६३० च्या ग्रंथात चेपलेला बोरू न मोडणारा, मिणमिणती वात न विझवणारा ख्रिस्त दाखवला तो याच हेतूने.

प्युरिटन घरांत उपासना दुहेरी असे : दार लावून एकांतात, आणि सकाळ-संध्याकाळ कुटुंबाबरोबर. बॅक्स्टर इंग्लंडमधील किडरमिन्स्टर गावी पाळक म्हणून आला तेव्हा एका गल्लीत जेमतेम एखादे घर उपासना करी. पुढे रविवारी रस्त्याने जाताना शंभर कुटुंबे स्तोत्रे गाताना ऐकू येत, अशी त्याची आठवण आहे. आजचे वाचक बहुधा शास्त्रभाग वाचून झाल्यावर एकच प्रार्थना सावकाश, शक्य तर मोठ्याने वाचतात, जी ओळ लागते तिथे थांबतात आणि पुढचे स्वतःच्या शब्दांत बोलतात. ही पद्धत छापील प्रार्थनांवरच्या बन्यनच्या आक्षेपालाही बरेचसे उत्तर देते.

महाराष्ट्राशी या परंपरेचा संबंध जुना आहे. १८१३ मध्ये मुंबईत आलेले गॉर्डन हॉल हे अमेरिकेतील न्यू इंग्लंडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचे, म्हणजे तिकडे गेलेल्या प्युरिटनांच्या वारसांचे, मिशनरी होते. बन्यनची ‘पिल्ग्रिम्स प्रोग्रेस’ ही रूपककथा हरी केशवजी यांनी १८४१ मध्ये ‘यात्रिकक्रमण’ या नावाने मराठीत आणली. आत्मनिंदेतून शरणागतीकडे जाणारा सूर मराठी कानाला तुकोबांच्या करुणापर अभंगांमुळे ओळखीचा वाटतो. प्युरिटन प्रार्थनेत मात्र शरणागतीचा आधार ख्रिस्ताचे प्रायश्चित्त हाच असतो, हा फरक पुसून टाकू नये.

आधीच अपराधभावाने खचलेल्या माणसाला इतकी कठोर झडती जड जाऊ शकते. प्युरिटन पाळकांना हे ठाऊक होते. विषादाने ग्रासलेल्यांनी एकांतातले लांब मनन टाळावे, प्रार्थना आखूड ठेवावी, माणसांत राहावे आणि आभार व स्तुती यांना अधिक वेळ द्यावा, असा सल्ला बॅक्स्टरने दिला आहे. आनंदाने स्तुती करता येत नसेल, तर जमेल तशी करावी.