आठवणीतले घर आणि कथेतले घर

बालपणीच्या घराविषयीचे आत्मकथन आणि त्याच घरातून उचललेली कथा यांची गल्लत लिहिणाऱ्याकडून होते तशी वाचणाऱ्याकडूनही होते, कारण दोन्हींत तेच माळवद (मातीचे सपाट छत), तीच ओसरी आणि तेच बळद (धान्य साठवायची बंदिस्त जागा) असते. फरक असतो तो लेखणीने इमान कोणाशी राखायचे यात.

मराठवाड्यातल्या धाब्याच्या, म्हणजे माळवदाच्या, घरात उजेड येण्यासाठी आणि धूर जाण्यासाठी छताला साणे ठेवलेले असे. आत्मकथन लिहिणाऱ्याने ते नेमके कुठे होते, पाऊस आला की त्यावर काय झाकले जाई आणि झाकायला वर कोण चढे, हे होते तसे सांगावे. आठवत नसेल तर तसे म्हणावे. कथाकाराचे एवढ्याने भागत नाही. साण्यातून पडणारा कवडसा चुलीपासून सरकत कोनाड्याशी पोहोचला की रानात भाकरी न्यायची, असे एखाद्या सुनेने मनाशी धरलेले असेल आणि आभाळ भरून आल्याने एके दिवशी तिला वेळच कळली नसेल, तर ते साणे कथेचे झाले. मग मूळ घरात तिथे कोनाडा नव्हताच, या तक्रारीत अर्थ उरत नाही. (घरची माणसे ही तक्रार हमखास करतात.)

कथाकाराला सारेच मोकळे असते, असेही नाही. गणेशविसर्जनानंतरच्या पहाटे, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा दगडमातीच्या जाड भिंती आणि त्यांवरचे मातीचे जड छत झोपलेल्या माणसांवर कोसळले. पुढे अनेक गावे नव्या जागी वसवली गेली आणि कित्येकांचे बालपणीचे घर केवळ आठवणीत उरले. त्या घरावर कथा लिहिताना खोल्या वाढवाव्यात, दोन चुलत्यांचा एक करावा. पण ती पहाट आणि त्या भिंती कशा पडल्या हे बदलू नये, कारण ती आठवण एकट्या लेखकाची नाही. हे बंधन नको असेल त्याने गाव कल्पित घ्यावे. तरीही माळवदावर पांढऱ्या मातीऐवजी रानातली काळी माती पसरली, तर उन्हाने भेगाळलेले ते छत पहिल्याच पावसात गळणार, हे इथला वाचक लगेच ओळखतो.